चार टोल मराठीचे

कलकत्त्यातल्या बागबाजारच्या आमच्या घरमालकांच्या दाराला बेल नव्हती, घंटा होती. देवळात असते तशी पितळेची, फक्त लहान, आणि तिला सुती दोरी. विजेची बेल का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "या शहरात वीज स्वतःच्या मर्जीने येते. पाहुण्याने तिच्यासाठी का थांबावं?" घंटेशेजारी एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर कोरीव इंग्रजी अक्षरात सूचना होती: इंग्रजीत बोलायचं असल्यास एक टोल, बंगालीत दोन, हिंदीत तीन. टोल ऐकले की ते आतल्या आत त्या भाषेची तयारी करत आणि मगच कडी काढत. पोस्टमन बिहारचा होता, तो तीन टोल देई. कोळीण दोन देई. एकदा एक विमा एजंट दोन टोल देऊन इंग्रजीत बोलायला लागला, तर यांनी दार लावून घेतलं आणि आतून ओरडले, "परत वाजवा!"

तुम्ही दोघं मला फोनवर नेहमी विचारता, की आई तुमच्याशी बोलताना इंग्रजी आणि माझ्याशी बोलताना मराठी अशी झटक्यात कशी बदलते, आणि माझ्याशी बोलायच्या आधी टेबलावर बोटं का आपटते. त्याचं उत्तर या माणसापाशी आहे. मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ते मला क्रमाने आठवत नाहीत. आई तुम्हाला हे वाचून दाखवताना मध्येच थांबली तर तिला थांबू द्या.

सत्तर सालाच्या आसपास तुमच्या आजोबांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली. तुमची आई तेव्हा साडेतीन वर्षांची होती. वरच्या मजल्यावरच्या खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालक किल्ली हातात घेऊन जिन्यात उभे होते. सत्तरीचे, काटकुळे, ऑक्टोबरातच डोक्यावर माकडटोपी. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली, तेही पहिल्या वर्गात. मी ऐटीत म्हटलं, "वुई स्पीक इन मराठी, सर."

किल्ली पाठीमागे गेली.

"नाही," ते म्हणाले. "यू स्पीक मराठी. ती तुमची मिळकत. आत्ता माझ्याशी तुम्ही बोलता आहात इन इंग्लिश. तो तुमचा सध्याचा पत्ता. मिळकत आणि पत्ता यांत घोळ करणारा भाडेकरू मला नको."

तुमच्या आजोबांनी माझ्या पायावर हळूच पाय ठेवला. मी "यस सर" म्हटलं आणि किल्ली पुढे आली. मग त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं. "तुमचे लोक पूर्वी इकडे घोड्यावरून आले होते. आमच्या लोकांनी घाबरून खंदक खणला. इथूनच सुरू व्हायचा. आता बुजला आहे, तेव्हा या." त्या घोडेस्वारांना बंगालीत बर्गी म्हणतात आणि अजूनही मुलांना झोपवताना त्यांची भीती घालतात. त्या दिवसापासून तुमचे आजोबा त्यांच्यासाठी थोरले बर्गी झाले आणि तुमची आई धाकटी बर्गी. मला मात्र बौमा म्हणायचे, म्हणजे सूनबाई. तुमची आई त्यांना दादू म्हणे, म्हणजे आजोबा.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर एक नवी ओळ आली. मराठीत: चार टोल. घरमालकांना ही भाषा येत नाही, ते फक्त ऐकतील.

आजोबांनी एकदा गंमत म्हणून चार टोल दिले. घरमालक बाहेर आले, हात जोडून उभे राहिले. आजोबा म्हणाले, "नळाला दोन दिवस पाणी नाही हो." घरमालकांनी मन लावून ऐकलं, मान डोलावली आणि दार लावून घेतलं. नळाला पाणी आलं नाही. मग मी जाऊन एक टोल दिला, तेव्हा तासाभरात प्लंबर आला.

ते कोर्टात अनुवादक होते. तीस-पस्तीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या बंगालीतून इंग्रजीत उतरवायचं काम केलेलं. बंगालीत रडत-ओरडत सांगितलेलं यांच्या हातून कोरड्या, निर्दोष इंग्रजीत कागदावर जायचं. एका शब्दयोगी अव्ययाने माणूस आत जातो की बाहेर राहतो हे ठरतं, असं ते म्हणायचे, आणि ते तुरुंगाबद्दल बोलत असावेत असं मला वाटे. माझ्या इंग्रजीवर त्यांचा रोजचा पहारा असे. गुड इन इंग्लिश नाही, गुड ॲट इंग्लिश. ट्रान्सलेट इन नाही, इन्टू. मी जिन्यातून भाजी घेऊन वर चढताना एखादं वाक्य बोलायचं टाळायला लागले होते. आपल्या मराठीत हे किती सोपं आहे: मराठी बोलते, मराठीत बोलते, मराठीतून शिकते. शब्दाला शेपूट लावलं की झालं. एकदा मी त्यांना हे सांगितलं तर चिडून म्हणाले, "म्हणूनच तुम्ही लोक न थांबता घोडे दामटता."

ते दिवस बरे नव्हते. बंद, मोर्चे, गल्लीत मध्येच फटाक्यासारखे आवाज, आणि ते फटाके नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. आजोबा बँकेतून घरी येईपर्यंत मी गॅलरीत उभी असे. अशात एका सकाळी डाव्या पक्षाच्या पोरांनी आमच्या घराच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत इंग्रजी घोषणा रंगवली. मातृभाषेतून शिक्षण पाहिजे, अशी. पण त्यांनी लिहिलं होतं एज्युकेशन बाय मदर टंग. घरमालक माकडटोपी घालून, हातात खडू घेऊन बाहेर आले आणि भर दिवसा त्यांनी 'बाय' खोडून 'इन' केलं. पोरं चहाच्या टपरीवरच बसलेली. पाच-सहा जण उठून आले. मी वरून बघत होते, तुमची आई माझ्या पदराला धरून.

"मास्टरमोशाय, काय चालवलंय?" एकाने विचारलं. वयस्क, शिकलेल्या माणसाला तिकडे असं मास्तर म्हणतात.

"तुमच्या मागणीबद्दल मला काही म्हणायचं नाही," घरमालक म्हणाले. "पण ती माझ्या भिंतीवर आहे."

मग एक चष्मेवाला मुलगा पुढे झाला. "आणि 'थ्रू' का नाही, मास्टरमोशाय?"

घरमालक भिंतीकडे वळले आणि घोषणा पुन्हा वाचू लागले. "उद्या सांगतो," म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस जेवताना, जिन्यात, न्हाणीघरात पुटपुटत होते. तिसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी 'इन'च्या वर बारीक अक्षरात 'थ्रू' लिहिलं आणि दोन्हींच्या मध्ये प्रश्नचिन्ह. त्यानंतर पोरं त्यांना लांबूनच नमस्कार करायची.

आता माझ्या चुकीकडे येते.

तुमच्या आईला एका चांगल्या इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, जानेवारीत मुलीची मुलाखत होईल, तोवर तिला इंग्रजीत बोलता यायला हवं, घरी तिच्याशी इंग्रजीतच बोला. मी घरी आले आणि रेघी कागदावर वेळापत्रक केलं. सकाळी सात ते संध्याकाळी सात इंग्रजी. सातनंतर मराठी. कागद स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर डकवला.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की पोर दिवसभर गप्प असते आणि साडेसहा वाजले की घड्याळाखाली जाऊन बसते. सातचे ठोके पडले की सुटते: चिमणी, बाहुली, पुण्याची आजी, सगळं एका दमात. मला वाटलं, या सवलतीमुळेच इंग्रजी अडतंय. मी कागदावरची दुसरी ओळ खोडली. आजोबा म्हणाले, "अगं, एवढीशी पोर. कशाला?" मी म्हटलं, "मुलाखत जानेवारीत आहे. तुम्ही शाळेत येणार आहात का उत्तरं द्यायला?" ते बिचारे संध्याकाळी दमून यायचे आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला विचारायचे, "हाऊ वॉज युवर डे?"

ती उत्तर देत नसे. आधी इंग्रजीत देत नसे. मग कशातच देईनाशी झाली.

खायची, झोपायची, खेळायची. हवं ते बोटाने दाखवायची. बाहुलीशी ओठ हलवायची, पण आवाज नाही. मी एकदा तिच्यामागे जाऊन कान लावला, तर ती थांबली आणि बाहुली पाठीशी लपवली. डॉक्टरांनी कानाशी घड्याळ धरलं, टाळ्या वाजवल्या. कान ठीक आहेत, वाट बघा, म्हणाले. आपल्या मराठी मंडळींत हळदीकुंकवाला गेले तर एक बाई म्हणाल्या, नजर काढा. दुसऱ्या म्हणाल्या, माझ्या जावेच्या मुलाचं असंच झालं होतं. त्याचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलने एक ठिपका देत होते, मुकेपणाच्या दिवसाचा. पन्नास ठिपके झाले तेव्हा मी मोजायची थांबले, पण ठिपके देत राहिले. आणि तोंडाने इंग्रजी चालूच. कारण थांबले असते तर मीच हे केलं, असं म्हणावं लागलं असतं.

शेवटी एका सकाळी खाली जाऊन एक टोल दिला. घरमालकांना म्हटलं, "ती इंग्रजी बोलत नाही."

"मराठी बोलते?"

"आता नाही."

"तुम्ही तिला इंग्रजीत बोल म्हणून सांगितलंत." मी मान हलवली. "इन," ते म्हणाले. "आत. आत जायला दार लागतं, बौमा. तुम्ही दार उघडलंत, की नुसतं ढकललंत?"

मला राग आला. या माणसाला आत्तासुद्धा तेच दिसतंय, असं वाटलं. मी उठले. तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला. ती कार्डं मी पूर्वीही पाहिली होती. त्यांची मुलगी जमशेदपूरला दिली होती, ती दर महिन्याला पाठवायची. ते मला बोलावून दाखवत: "बघा, एक चूक नाही." खरंच नसायची. मी खुशाल आहे, आपणही असाल, येथे थंडी सुरू झाली आहे. सुरेख इंग्रजी.

"जेवणाच्या टेबलावर इंग्रजीत, असा आमच्याकडे नियम होता," ते म्हणाले. "तिचं लग्न ठरलं त्या आठवड्यात ती टेबलापाशी आली आणि बंगालीत म्हणाली, बाबा, एक सांगायचं आहे. मी म्हटलं, इन इंग्लिश, प्लीज. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, इट इज नथिंग, फादर. आणि बसून जेवली." त्यांनी गठ्ठ्याला पुन्हा सुतळी बांधली. "वाक्यात चूक नव्हती."

मी वर आले. वेळापत्रक तसंच ठेवलं. माणूस किती हट्टी असू शकतो हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारची वेळ, मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. घरात पावलं वाजली नाहीत म्हणून वळून पाहिलं तर पोर नाही. दार उघडं. मी हातातला ओला परकर तसाच घेऊन जिन्याकडे धावले. तेवढ्यात खाली घंटा वाजली. एक. थोडं थांबून दोन. तीन. आणि मग, टाचा उंच करून दोरी पुन्हा धरायला वेळ लागावा तसं, चार.

कडी निघाली. मग एक आवाज आला. घोगरा, गंजलेला. तो तुमच्या आईचा आहे हे मला लगेच कळलंसुद्धा नाही.

"दादू," ती म्हणाली, "आमच्या घरातलं मराठी संपलं."

मी वरच्या पायरीवर बसले.

"आधी बाबांचं संपलं. मग आईचं पण संपलं. साखर संपली ना, तसं. रॉकेल पण संपलं होतं. माझ्याकडे थोडंसं आहे. पण मी ते वापरत नाही. वापरलं की संपतं." मग तिने विचारलं, "तुझ्याकडे मुळीच नाही ना? बाबा म्हणाले. तुला देऊ थोडं?"

त्या वर्षी रेशनच्या रांगेतून येऊन आम्ही दोघं एकमेकांशी याशिवाय दुसरं काय बोलत होतो? शुगर इज फिनिश्ड. रवा इज फिनिश्ड. तिने ऐकलं होतं आणि घरातल्या शहाण्या बाईसारखी जपून वापरायला लागली होती.

घरमालकांना यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण पुठ्ठ्यावर लिहिलं होतं तसे ते ऐकत होते. हात जोडून, खाली वाकून. मग तिने उंबऱ्यावरच्या मांजराकडे बोट दाखवलं. "हे मांजर. म्हण, मांजर."

"मान्जोर," ते म्हणाले.

"मांजर!"

"मान्जोर."

"चूक! परत म्हण."

त्या घरात त्यांना कुणी चूक म्हटल्याचं मी प्रथमच ऐकलं. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग त्यांची नजर वर माझ्याकडे गेली. मी उठणार तोच त्यांनी तळहात उभा धरला: तिथेच थांबा. मी थांबले. परकराचं पाणी पायरी-पायरीने खाली ओघळत होतं.

ती वर आली तेव्हा मी डब्यांच्या फळीवरचा कागद काढून टाकला होता. मी म्हटलं, "पोहे खाणार का गं?"

ती दारातच उभी राहिली. माझ्याकडे संशयाने बघत तिने हळूच विचारलं, "आलं?"

"हो," मी म्हटलं. "आलं."

"किती?"

"पोतंभर आलंय. कितीही वापर."

तरी तिने लगेच वापरलं नाही. आधी पोहे संपवले. मग बशी पुढे करून म्हणाली, "अजून."

पुढच्या महिन्यात ती रोज खाली जायची. आधी चार टोल, मग थोड्या वेळाने तीच बाहेर येऊन एक टोल. चार टोलांचा वेळ तिचा, एका टोलाचा त्यांचा. मी लक्ष घालायचं नाही असं ठरलं होतं, आणि लक्ष न घालणं हे मला आयुष्यात सगळ्यात कठीण गेलेलं काम. मग मुलाखतीचा दिवस आला. मुख्याध्यापिकाबाईंनी नाव विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. मला ते पन्नास ठिपके डोळ्यांपुढे दिसायला लागले. तेवढ्यात ती खुर्चीवर गुडघ्यांनी चढली, शिपायाला बोलवायची टेबलावरची घंटी तिने टणकन एकदा वाजवली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग. आय स्पीक मराठी. नाऊ आय विल स्पीक इन इंग्लिश."

शिपाई धावत आला. मुख्याध्यापिकाबाई त्याला परत पाठवताना हसत होत्या. शाळा मिळाली.

मी हे घरमालकांना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "इन म्हणाली? नक्की?" मग खणातून एक कोरं पोस्टकार्ड काढून मला दाखवलं. कोरं नव्हतं, मागच्या बाजूने पूर्ण भरलेलं होतं, बंगालीत. "जमशेदपूरला," म्हणाले. "मुलीला तिच्या भाषेत मी कधी लिहिलं नव्हतं. आज टाकतो."

पंधरा-वीस दिवसांनी पोस्टमनने खाली तीन टोल दिले. कार्ड आलं ते मी वरून पाहिलं. दर वेळी ते अर्ध्या तासात मला हाक मारत. या वेळी मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली तेव्हा मीच विचारलं, "मुलीचं पत्र?"

त्यांनी सदऱ्याचा खिसा हाताने दाबून धरला. "बंगालीत लिहिलंय. फार चुका आहेत, बौमा," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चुका." आणि ते कार्ड त्यांनी मला दाखवलं नाही.

तीन वर्षांनी आमची बदली झाली. पुन्हा कधी भेट झाली नाही.

पुण्याच्या माझ्या फ्लॅटला विजेची बेल आहे, अगदी साधी. तुमची आई दोन वर्षांतून एकदा येते आणि ती चार वेळा दाबते. समोरच्या बाई वैतागून दार उघडून बघतात. या उन्हाळ्यात तुम्ही दोघंही येणार म्हणता. तुम्ही एकदा दाबा, चारदा दाबा, मी दार उघडीन. फक्त कडी काढायला मला थोडा उशीर झाला तर घाबरू नका. मी दाराआड उभी राहून मोजत असेन.